लिंडा मूनची आठवण

१

मी स्मरणिका लिहिते. शाळेला पन्नास वर्षं झाली, एखाद्या मंडळाचा रौप्यमहोत्सव आला, कुणाच्या वडिलांची जन्मशताब्दी असली की लोक मला बोलावतात. मी माणसांना भेटते, त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करते आणि घरी येऊन उतरवून काढते. इअरफोन घातले की माझं डोकं दुखतं, म्हणून स्पीकर चालू ठेवते. मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मी असते, समोर बाबा भाजी निवडत बसतात. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून भाजी निवडणं त्यांनी आपल्याकडे घेतलंय. चौतीस वर्षं पोस्टात काढली त्यांनी. मेथीची जुडीसुद्धा टपाल लावल्यासारखी निवडतात. मोठी पानं इकडे, कोवळी तिकडे.

"हा फेकतोय," ते मध्येच म्हणतात. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघतं.

या कामात मी एक गोष्ट शिकले. दोन माणसांच्या आठवणी तंतोतंत कधी जुळत नाहीत. एकाच लग्नाला गेलेले दोन भाऊ असतात, एक म्हणतो श्रीखंड होतं, दुसरा म्हणतो जिलबी. जुळत नाहीत म्हणूनच त्या खऱ्या वाटतात. जुळायला लागल्या की मी सावध होते. कुणीतरी कुणाला तरी पढवलेलं असतं.

गेल्या फेब्रुवारीत कौस्तुभ घरी आला. बँकेत अधिकारी, पंचेचाळिशीचा, राहायला मीरा रोडलाच. जुन्या रेकॉर्ड्स जमवायचं वेड.

"ओलिंडा मुनीस," तो म्हणाला. "डोंगरीच्या. मुंबईतली नव्हे, आपल्या भाईंदरच्या पलीकडची डोंगरी. स्टेजवरचं नाव लिंडा मून. नोव्हेंबरमध्ये गेल्या, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. बारा वर्षं मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत जॅझ गायल्या, आणि आपल्या इथे कुणाला पत्ताच नाही. वर्ष होईल त्या दिवशी एक छोटी स्मरणिका काढायचीय."

त्याने थोडक्यात सगळं सांगितलं. डोंगरीच्या चर्चमध्ये लहानपणी गायची. अठराव्या वर्षी चर्चगेटजवळच्या एका हॉटेलात पाच जणांच्या बँडपुढे उभी राहिली. दोन हिवाळे कलकत्त्यात काढले. सिनेमाच्या कोरसमध्ये आवाज दिला, नाव कुठेच आलं नाही. मग हॉटेलांत डिस्को आले, बँड सुटले, ती गावी परतली आणि तीस वर्षं शाळेतल्या मुलांना प्रार्थनेच्या चाली शिकवत राहिली. लग्न केलं नाही.

तिची एकुलती एक रेकॉर्ड त्याने फोनवर उतरवून आणली होती. ती लावली. गाणं इंग्रजी होतं, पण अर्ध्यावर ती शब्द सोडून द्यायची आणि नुसते आवाज काढत जायची, दा, बा, दी, जणू सामान खाली टाकून मोकळी चालत सुटलीय. बाबांचा मेथीवरचा हात थांबला होता.

"बाई पक्की आहे," ते म्हणाले.

कौस्तुभने मला दोन पत्ते लिहून दिले. तिच्याबरोबर काम केलेले दोघंच आता हयात होते.

२

पहिला पत्ता बबन तांडेलांचा. भाईंदर पश्चिमेला खाडीकडच्या जुन्या वस्तीत घर. वय शहाऐंशी. लग्नाच्या बँडमध्ये ताशा वाजवता वाजवता हा माणूस हॉटेलात ड्रमवर जाऊन बसला होता, आणि लिंडा मूनच्या मागे नऊ वर्षं बसला.

खुर्चीत ताठ बसले होते. पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. बोटं मांडीवर हलत होती. त्यांच्या बायकोने, रुक्मिणीबाईंनी, चहा आणून ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या.

मी विचारलं, पहिल्यांदा कधी ऐकलंत त्यांना?

ते लगेच सुरू झाले.

"रविवार होता. दुपारचे चार. ती उशिरा आली, टॅक्सीतून उतरून धावत. बाहेर कडक ऊन, आणि तिचे केस ओले. निळा ड्रेस, डाव्या खांद्यावर पाण्याचा डाग. पहिली ओळ म्हटली आणि वीज गेली. माईक बंद. ती थांबली नाही. मग..." इथे त्यांनी घसा साफ केला. "मग मी हातातला चमचा खाली ठेवलाच नाही. आवाज झाला असता."

छान आठवण होती. मनात मी तिला पहिल्या पानावर टाकूनही दिलं. वही मिटताना मात्र अडखळले.

"काका, तुम्ही ड्रमवर होतात ना?"

"ड्रमवरच. दुसरं कुठे असणार?"

"मग चमचा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे. अंगठा आणि दोन बोटं जुळलेली होती, काहीतरी बारीक धरल्यासारखी. काठी अशी धरत नाहीत.

"टेबल खांबाशेजारी होतं," ते हळू म्हणाले. "पांढरी चादर होती त्याच्यावर."

मी बाकीचं विचारलं. बँडमध्ये कोण कोण होतं, कलकत्त्याला कसे गेलात, पहिला ड्रम कुणी शिकवला. ते हसून मान हलवत राहिले. एकाचंही उत्तर आलं नाही.

निघताना रुक्मिणीबाई पायरीपर्यंत आल्या. "आता तेवढंच सांगतो म्हातारा," त्या म्हणाल्या. "पहिलं लई बोलायचा. त्याच्या उस्तादाचं, आमच्या लग्नाचं. आता लग्नाचं काढलं तर म्हनतो, कुनाचं लग्न? बाकी सगळं येवस्थित हाय. मासळीबाजारातनं भाव करून मावरं आनतो, हिशोब चुकत न्हाय."

"कधीपासून?"

"दोन वरसं झाली. तिला भेटाया जायचा ना डोंगरीला, रविवारचा."

मी ते वयाचं धरलं. शहाऐंशी म्हणजे थोडं नाही.

३

दुसरा पत्ता काशीमीऱ्याचा, हायवेच्या मागच्या बाजूला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पंढरीनाथ शिंप्यांचा. खाली ट्रक रिव्हर्स घेत होते, त्यांचा तो एकसुरी बीप बीप खोलीत सतत येत होता. पंढरीनाथ ब्याऐंशीचे, बारीक, गळ्यात अजून मापाचा टेप. तरुणपणी गिरगावात त्यांचं दुकान होतं आणि लिंडा मूनचे सगळे गाऊन त्यांनीच शिवलेले.

इथे मी मुद्दाम आधीच विचारून घेतलं. "तुम्ही कधी हॉटेलात गेलात का, त्यांचं गाणं ऐकायला?"

"छे. आम्ही कसले जातो. नवीन गाऊन असला की मागच्या दाराने द्यायचा आणि परत. किचनपर्यंतसुद्धा पाय ठेवला नाही कधी."

"मग गाणं?"

"दुकानात गुणगुणायची ना. माप देताना. मी ओरडायचो, श्वास सोडू नकोस, कंबर चुकेल. पण ती..." त्यांचा चेहरा बदलला, म्हणजे फारसा बदलला नाही, फक्त काही ऐकायला माणूस थांबतो तसा स्थिर झाला.

"रविवार होता," ते म्हणाले. "दुपारचे चार. ती उशिरा आली, टॅक्सीतून उतरून धावत. बाहेर कडक ऊन, आणि तिचे केस ओले."

मी लिहायचं थांबवलं. ओला खांदा आला. वीज गेली. माईक बंद झाला. "मग..." आणि त्यांनी घसा साफ केला. "मग मी हातातला चमचा खाली ठेवलाच नाही. आवाज झाला असता."

खाली ट्रकचा बीप बीप चालूच होता.

"तुम्ही आत्ताच म्हणालात, हॉटेलात कधी गेला नाहीत."

"नाही गेलो."

"मग हे कुठे झालं?"

"खांबाशेजारी," पंढरीनाथ म्हणाले, आणि मला दोनदा एकच गोष्ट विचारायला लागतेय म्हणून थोडे नाराज दिसले.

निळ्या ड्रेसचं विचारलं, कापड कुठलं होतं, कुणी शिवला. गाऊन शिवणाऱ्या माणसाला हे तरी सांगता यायला हवं. त्यांनी गळ्यातला टेप काढला, त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मुलाच्या बायकोला हाक मारून विचारलं, "हे कशाचं आहे गं?"

४

घरी येऊन मी दोन्ही रेकॉर्डिंग एकापाठोपाठ एक लावली. शब्द तेच. थांबण्याच्या जागा त्याच. घसा साफ करणंसुद्धा त्याच शब्दावर. तिसऱ्यांदा ऐकलं, चौथ्यांदा ऐकलं. बाबा फरसबी मोडत होते.

"फेकतायत ना?" मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "हे खरं आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"ऐकून कळतं."

माझा संशय एकाच माणसावर होता. पत्ते कौस्तुभने दिले होते. लिंडा मूनचं नाव मोठं व्हावं ही त्याची तळमळ होती. दोन म्हाताऱ्यांना एक सुंदर किस्सा पाठ करून द्यायचा आणि तो माझ्याकडून छापून घ्यायचा, यात अवघड काही नव्हतं. मी त्याला दुपारच्या सुट्टीत गाठलं आणि काशीमीऱ्याच्या नाक्यावरच्या एका उडप्याकडे बसून उतरवलेले दोन्ही कागद त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

त्याने वाचलं. परत वाचलं. मग बोट ठेवून ओळीला ओळ लावत गेला.

"तुम्हाला वाटतंय हे मी केलंय?"

"हो."

"साहजिक आहे." तो रागावला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. "तीन वर्षं मी या बाईच्या मागे आहे. पेपरातली कात्रणं आहेत माझ्याकडे, फोटो आहेत, हॉटेलचे कार्यक्रम छापलेले आहेत. हा किस्सा मी कधी वाचला नाही. ऐकलाही नाही."

"मग यांना कुणी सांगितला?"

"एक गोष्ट बघा. बबनकाका स्टेजवर होते. पंढरीनाथ आत गेले नाहीत. दोघांपैकी कुणाचीच ही आठवण असू शकत नाही." त्याने कॉफीच्या वाटीत उभा असलेला चमचा काढला आणि टेबलावर ठेवायच्या ऐवजी कागदी रुमालात गुंडाळून बाजूला सारला. "मग चमचा नक्की कुणाच्या हातात होता?"

त्याने डोंगरीच्या रेजिनाबाईंचा नंबर आणि पत्ता दिला. ओलिंडाची भाची. शेवटपर्यंत त्यांनीच मावशीला सांभाळलं होतं.

"मी दोन-तीनदा गेलोय तिकडे," तो म्हणाला. "पण रविवारी येऊ नका म्हणाल्या. रविवारी माणसं जमतात."

"बाई जाऊन चार महिने झाले."

"हो. तरी जमतात."

५

त्या आठवड्यात एकदा मी बाजारातून परत येत होते. बिल्डिंगच्या खालच्या बाकावर बाबा आणि आमच्या विंगमधले तिघे निवृत्त बसले होते. बाबा बोलत होते, बाकीचे ऐकत होते. पार्किंगमधून येताना मला फक्त शेवट ऐकू आला.

"...आवाज झाला असता."

वर आल्यावर मी दार लावलं. पिशवी खाली ठेवली.

"बाबा, तुम्ही त्या हॉटेलात कधी गेला होतात?"

"गेलो असेन."

"कधी? तुमच्या तोंडून मी हॉटेल म्हणून एकच नाव ऐकलंय, दादरचं, मिसळीचं."

"रविवार होता," बाबा म्हणाले.

"ते मला माहितेय. मी रोज स्पीकरवर लावत होते म्हणून तुमच्या डोक्यात बसलंय. मलाही पाठ झालंय."

"टेबल खांबाशेजारी होतं."

खांबाचं वाक्य बबनकाकांच्या रेकॉर्डिंगमध्ये होतं. म्हणजे बाबांनी ते ऐकलेलं होतं. मी स्वतःला तसं सांगितलं. म्हातारं माणूस, दिवसभर घरात, एखादी गोष्ट मनाला लागली. यात घाबरण्यासारखं काय आहे?

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी बाबा आईच्या फोटोची काच पुसतात आणि पांढरं फूल ठेवतात. चार वर्षांत एकही गुरुवार चुकलेला नाही, तापातसुद्धा. दहा वाजले तरी फूल कागदाच्या पुडीतच होतं.

"बाबा, आज गुरुवार."

"अरे हो." ते उठले. पुडी सोडली. फोटोसमोर उभे राहिले, फूल हातात धरून, आणि फोटोकडे बघत राहिले. ऑफिसात नवीन साहेब आला की उठून उभं राहून पाहतात तसे, आदराने. मग मान वळवून मला विचारलं,

"ह्यांनाच ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. मग खुर्चीत बसवून त्यांना एकेक विचारत गेले. आईचं माहेर कुठलं, आई कुठल्या शाळेत शिकवायची, लग्न कुठे झालं. तिचं नाव उर्मिला, एवढं त्यांना माहीत होतं. फोटोखाली तसं लिहिलेलं आहे.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. बाबांनी दोनपर्यंत न अडखळता केले आणि वर पिन कोड विचारा म्हणाले. डॉक्टर हसले. या वयात जोडीदार गेल्यावर मन कधी कधी असं करतं, म्हणाले, दुःख झाकून ठेवतं. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

घरी आल्यावर मी फोनमधली दोन्ही रेकॉर्डिंग पुसून टाकली.

६

रविवारी जेवणं झाल्यावर बाबा आडवे झाले आणि मी आतल्या खोलीत जाऊन रेजिनाबाईंना फोन लावला.

"किस्सा ना? चमच्याचा?" त्या लगेच म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "मावशी शेवटची तीन वरसं सगळं विसरली व्हती. आपन गात व्हतो ह्ये पन न्हाय तिला म्हाईत. मंग जुनी मानसं याची रविवारची आनि तिला तिचं सांगाची. ती ऐकाची आनि म्हनाची, अजून सांग. आनि त्यो एकच किस्सा तिला परत परत पायजे व्हता."

"तो पहिल्यांदा कुणी सांगितला?"

"न्हाय म्हाईत. मी पन लई इचार केला. कुनीतरी सांगितला."

"तुम्हाला येतो?"

"मी किचनमधी असायची," त्या म्हणाल्या. "रेडिओ मोठा लावून." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बबनकाकाला मी बोलले, आता कशाला येता, मावशी गेली. त्यो बोलला, गेली तर काय झालं, चार वाजता येते."

मला बाहेर काही ऐकू आलं असं वाटलं. लॅचचा आवाज असावा. मी फोन कानाला लावूनच हॉलमध्ये आले. दिवाणावर उशी होती, बाबा नव्हते. चपलाही नव्हत्या. टेबलावर माझी डायरी उघडी होती, डोंगरीच्या पत्त्याच्या पानावर, आणि पान उडू नये म्हणून तिच्यावर मिठाची बरणी ठेवलेली होती.

"ताई," रेजिनाबाई फोनवर म्हणत होत्या, "आज परत मानसं यायला लागलीत. नवीन बी हायेत."

७

रविवारच्या दुपारी तेवढ्या लांब यायला तयार असलेली रिक्षा मिळेपर्यंत तास गेला. रिक्षावाल्याला मी काय सांगितलं आठवत नाही. वाटेतली गावं, मोर्वा गेलं, राई गेलं, उन्हात वाळत घातलेली मासळी गेली. बाबांनी बस धरली असणार. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस एकटा बस बदलून आयुष्यात न गेलेल्या गावी जातो, तो आजारी नसतो, असं मी स्वतःशी म्हणत होते. मग वाटलं, आजारी असता तर बरं झालं असतं.

घर कौलारू, बैठं, पुढे क्रूस आणि जास्वंद. रेजिनाबाई अंगणात उभ्या होत्या, हातात ओला फडका. त्यांनी बोलण्याऐवजी मानेनेच दाखवलं. आतून रेडिओ ऐकू येत नव्हता. काहीच ऐकू येत नव्हतं.

दार अर्धं उघडं होतं.

खोलीत जेवणाचं लांब टेबल, त्याच्यावर पांढरी चादर. आठ-नऊ माणसं बसलेली. बबनकाका मला पाठमोरे, चापून बसवलेल्या केसांवरून ओळखले. पंढरीनाथ त्यांच्याशेजारी. आमच्या विंगमधल्या त्या तिघांतले दोघं. आणि टेबलाच्या टोकाला बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळ्यांचे चेहरे एकाच कोपऱ्याकडे होते. सगळ्यांचा उजवा हात टेबलापासून वीतभर वर, अंगठा आणि दोन बोटं जुळलेली. टेबलावर एकही ताट नव्हतं, चमचा नव्हता.

कुणी बोलत नव्हतं. पण टेबलाखाली पाय हलत होते. चादरीखालून दिसणारे ते सगळे पाय, चपला, बूट, बाबांचे पोस्टातले जुने सँडल, एका ठेक्यात, जमिनीला न टेकता. मग एकाच क्षणी सगळे हसले. गाणाऱ्याने एखादी अवघड जागा सहज घेतली की ऐकणारे हसतात, तसे.

ते बघत होते तो कोपरा दाराच्या पानाआड होता. मला तिथली फक्त फरशी दिसत होती, हातभर. तिच्यावर पाणी होतं. रेजिनाबाईंनी पुसली असेल, फडका त्यांच्या हातात होताच. मी बघत असतानाच त्या पाण्यात एक थेंब पडला. मग दुसरा. वरचं छत मार्चच्या उन्हाने भाजून निघालेलं, कोरडं ठाक. थेंब पडत होते आणि हळूहळू जागा बदलत होते, टेबलाच्या दिशेने.

माझ्या हातातला फोन वाजायला लागला. मी तो घाईने बंद केला. का केला, ते मला नंतर, रिक्षात बसल्यावर कळलं. आवाज झाला असता, म्हणून.

मी आत गेले. कोपऱ्याकडे पाहिलं नाही. बाबांच्या दंडाला धरलं आणि उठवलं. त्यांनी विरोध केला नाही, फक्त दारापर्यंत मान मागे वळलेली होती. बाकी कुणी आमच्याकडे वळलंच नाही. अंगणात आल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि एकदम म्हणाले,

"केवढं ऊन आहे गं, निशिगंधा."

मला रडू आलं. माझं नाव त्यांना येत होतं.

८

मी कौस्तुभला काम परत केलं. कारण सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. नोव्हेंबरमध्ये त्याने एक चार पानी पत्रिका छापली. जन्म, मृत्यू, हॉटेलांची नावं, रेकॉर्डचा क्रमांक, एक फोटो. आठवणी एकही नाही. मला वाटतं त्याने शहाणपणा केला. रेजिनाबाईंनी घराला कुलूप लावलं आणि त्या वसईला मुलीकडे गेल्या. रविवारी तिथे अजून कुणी येतं का, मला माहीत नाही. बबनकाका ऑगस्टमध्ये गेले. रुक्मिणीबाई म्हणाल्या, खुर्चीत बसल्या बसल्या गेला, हात असा वर होता.

बाबा ठीक आहेत. दर रविवारी दुपारी मी त्यांना घेऊन भाजी मार्केटला जाते, गर्दीत, भरपूर आवाजात. चमच्याची गोष्ट ते आता सांगत नाहीत. पण तिच्या जागी काही परत आलं नाही. आईच्या फोटोसमोर ते अजूनही पाहुण्यासारखे उभे राहतात.

म्हणून मी त्यांना आईचं सांगायला लागले. रोज, भाजी निवडताना, एकच गोष्ट, कारण फार सांगितलं की ते थकतात. आम्ही परळहून इथे आलो तेव्हाची. मी आठ वर्षांची होते. फ्लॅट रिकामा, रंगाचा वास. आईला पडद्यांसाठी खिडकीचं माप घ्यायचं होतं आणि टेप नव्हता, म्हणून तिने पदराने खिडकी मोजायला घेतली. एक टोक तिच्या हातात, दुसरं बाबांच्या. बाबांनी मुद्दाम टोक सोडलं. आणि आई, जिने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही, ती म्हणाली, काशीनाथ, नीट धर. मग दोघंही गप्प झाले आणि एकमेकांकडे बघत राहिले. मी दाराआड उभी होते. त्यांना माहीत नव्हतं.

पहिले काही आठवडे ते नुसतं ऐकायचे. मग मान हलवायला लागले. दिवाळीनंतर एकदा, तोंडली चिरता चिरता, ते आपणहून बोलायला लागले. रंगाचा वास आला, पदर आला, टोक सुटलं. मी सुरी खाली ठेवली. ते अगदी खुशीत होते.

"आणि दोघं नुसतेच बघत राहिले एकमेकांकडे," बाबा म्हणाले. "मी दाराआड उभी होते. त्यांना माहीत नव्हतं."

उभी होते. मी ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही. त्यांच्याकडे आईचं काहीतरी होतं. ते कुणाच्या डोळ्यांनी, याची चौकशी मला करायची नव्हती. मी फक्त रोज तपासत आले की माझं काही कमी होत नाहीये ना. शाळेतल्या मैत्रिणींची नावं, परळच्या खोलीचा नंबर. सगळं जागेवर होतं.

काल दुपारी गवार होती. मी नेहमीसारखी सुरुवात केली. रिकामा फ्लॅट, रंगाचा वास, आईने पदराने खिडकी मोजायला घेतली, बाबांनी टोक सोडलं. मग आई काहीतरी म्हणाली. मी थांबले. शेंगांचे दोर काढत राहिले. परत मागून सुरुवात केली आणि परत तिथेच येऊन थांबले.

शेवटी मी बाबांना विचारलं, मग आई काय म्हणाली?

त्यांनी मला सांगितलं.